बोंडल्याची हरणं: कधी जायचं, कसं बघायचं, काय टाळायचं

गुरुवारी जाऊ नका. बाकी सगळं पुढे येईलच, पण एवढं एक वाक्य वाचून कुणी लेख बंद केला तरी माझं निम्मं काम झालं. गोव्यात फोंड्याजवळच्या बोंडल्याचं प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असतं. मी फोंड्यात जन्मलो, शाळेची पहिली सहल बोंडल्यालाच गेली, आणि तरीही कोल्हापूरची आते आणि तिची दोन नातवंडं यांना घेऊन भर गुरुवारी बंद फाटकासमोर जाऊन उभा राहिलो. पोरांनी आधी कुलपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आते एवढंच म्हणाली, "चला, रस्ता तरी छान होता." ते वाक्य अजून टोचतं.

त्यानंतर मात्र पाहुण्यांना बोंडल्याला नेण्याचं खातं घरात माझ्याकडेच आलं. वर्षाला चार-पाच फेऱ्या होतात. त्यातून जे कळलं ते इथे लिहितो आहे.

आधी अपेक्षा नीट करून घ्या

चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य सोडलं तर बोंडला हे गोव्यातलं सर्वांत लहान वन्यजीव अभयारण्य. १९६९ साली जाहीर झालं. क्षेत्रफळ जेमतेम आठ चौरस किलोमीटर. तुलनेसाठी सांगायचं तर शेजारचं मोले २४० चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यातलं १०७ चौरस किलोमीटर राष्ट्रीय उद्यान. बोंडल्यात प्राणिसंग्रहालय आहे, वनस्पती उद्यान आहे, वन खात्याची राहण्याची कॉटेजेस आहेत आणि हरणांसाठी कुंपण घातलेला जंगलाचा मोठा तुकडा आहे. या तुकड्यात हरणं मोकळी फिरतात. पिंजरा नाही, पण कुंपण आहे. त्या कुंपणाबाहेर उरलेलं अभयारण्य, तिथेही हरणं आहेत, आणि ती खरोखरची रानातली. ती दिसतीलच असं नाही.

हा फरक घरून निघतानाच सगळ्यांना सांगून ठेवा. नाहीतर एकजण म्हणतो, "हे तर झू आहे", आणि दुसरा म्हणतो, "जंगल जंगल म्हणून आणलं आणि काही दिसलंच नाही". दोघेही बरोबर असतात आणि दोघेही वैतागलेले असतात. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला कुंपणातली हरणंच नीट बघावीत. डोळा तयार होतो. कान कसा हलतो, शेपटी कधी वर जाते, मादी आधी मान का उचलते, हे जवळून बघितलं असलं की मग रानात ओझरतं काही दिसलं तरी ओळखता येतं.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाची ओल अजून जमिनीत असते, गवत पूर्ण वाळलेलं नसतं, आणि सकाळी हवेत किंचित गारवा. याच दिवसांत किंदळीची झाडं तांबूस फळांनी भरून जातात, लांबून बघणाऱ्याला डोंगर गंजल्यासारखा वाटतो. मार्चनंतर पानगळ वाढते. झाडोरा विरळ झाल्यामुळे प्राणी दिसायला सोपे, पण उकाडा आणि गोचीड दोन्ही वाढतात. पावसाळ्यात रान देखणं असतं, मात्र जळवा असतात आणि हरणं दाट हिरव्यात हरवून जातात. जळवांची किळस नसेल तर जरूर जा. गर्दी अजिबात नसते.

वार कोणता? रविवार नको. डिसेंबर-जानेवारीतले शाळेच्या सहलींचे दिवसही नकोत, पण ते आधी कळायचं कसं हा प्रश्नच आहे. मला स्वतःला शुक्रवारची सकाळ आवडते. आदला दिवस बंद असल्यामुळे परिसर शांत राहिलेला असतो, आणि का कोण जाणे, हरणं त्या दिवशी माणसाला जरा जवळ येऊ देतात असा माझा अनुभव आहे.

वेळ सगळ्यांत महत्त्वाची. फाटक साधारण सकाळी नऊला उघडतं आणि संध्याकाळी पाचला बंद होतं. हरणांचं वेळापत्रक याच्या अगदी उलटं. पहाटे आणि सांजेला ती चरतात, दुपारी सावलीत बसून रवंथ करतात. म्हणून दोनच वेळा सोयीच्या: फाटक उघडताच आत शिरणं, किंवा साडेतीनला पोचून शेवटपर्यंत थांबणं. पणजीहून आरामात न्याहारी करून, वाटेत मंगेशीला थांबून, दुपारी बाराला पोचणारे लोक मी नेहमी बघतो. त्यांना बसलेली, डोळे मिटलेली हरणं दिसतात आणि "आळशी आहेत" असा शेरा मारून ते निघून जातात. खरा इलाज म्हणजे एक रात्र कॉटेजमध्ये मुक्काम. वन खात्याकडे आधी आरक्षण करावं लागतं, सोयी साध्या असतात, पण पहाटे साडेसहाला अंगणात चहाचा कप घेऊन बसल्यावर रान जे ऐकवतं ते दिवसा जाऊन मिळत नाही.

कसं पोचायचं, आणि दोन तिस्कांचा घोळ

पणजीहून बोंडला पन्नासेक किलोमीटर, फोंड्याहून वीसेक. पणजी, जुने गोवे, मार्दोळ, फोंडा, खांडेपार असं करत बेळगावच्या महामार्गाने उसगाव-तिस्कापर्यंत यायचं आणि तिथून आत गांजे गावाच्या बाजूला वळायचं. मडगावकरांनी बोरीमार्गे फोंडा गाठावा. बेळगावहून अनमोड घाटाने येणाऱ्यांना मोले, धारबांदोडा आणि मग तिस्क लागतो. चोर्ला घाटाने येणारे साखळी-होंड्याहून उसगावला उतरतात. सिंधुदुर्गातून येत असाल तर दोडामार्ग, डिचोली, साखळी हा रस्ता म्हापशाच्या गर्दीपेक्षा कितीतरी बरा.

आता घोळ. फोंडा शहरातही एक तिस्क आहे आणि उसगावलाही. बसमध्ये बसून कंडक्टरला नुसतं "तिस्क" म्हणालात तर तो तुम्हाला फोंड्याच्या तिस्कावर उतरवू शकतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. पुण्याहून आलेला माझा एक मित्र असाच उतरला, समोरच्या दुकानात "बोंडला कुठे?" असं विचारलं आणि दुकानदाराने हाताने जी दिशा दाखवली ती पुढचे वीस किलोमीटर होती. "उसगाव-तिस्क" असं पूर्ण म्हणा.

तिस्कापर्यंत बस मिळते. तिथून आत मात्र स्वतःचं वाहन किंवा ठरवलेली रिक्षा-टॅक्सी हवी. रिक्षावाल्याशी जाण्या-येण्याचं आणि थांबण्याचं मिळून ठरवा. परत येताना दुसरी मिळेल या भरवशावर त्याला सोडून देऊ नका, आणि आत मोबाइलला रेंज मिळेल या भरवशावर तर मुळीच नको. शेवटचे काही किलोमीटर अरुंद, वळणावळणाचे आणि सावलीचे आहेत. मुलांना उलटीचा त्रास असेल तर तिस्कावर पाच मिनिटं थांबून मगच पुढे व्हा.

काय घालायचं, काय न्यायचं

"जंगलात लाल कपडे नकोत" हे सगळे सांगतात. हरणांच्या बाबतीत गंमत वेगळी आहे. त्यांना लाल आणि हिरवा यांतला फरक फारसा कळत नाही. निळा मात्र छान दिसतो. म्हणजे तुमची निळी जीन्स त्यांना तुमच्या लाल टोपीपेक्षा आधी दिसते. पांढराशुभ्र शर्टही तसाच चमकतो. मातकट, करडा, वाळक्या पानाचा रंग चांगला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वास. अत्तर, डिओ, सुगंधी पावडर त्या दिवशी घरी ठेवा. हरीण तुम्हाला बघण्याच्या कितीतरी आधी हुंगतं.

पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, पायमोजे, बूट. चप्पल नको, कारण गोचीड आणि जळू दोघांनाही उघडे घोटे आवडतात. पाणी माणशी एक लिटर. रोख पैसे, तेही सुटे. प्रवेशाचं आणि कॅमेऱ्याचं शुल्क वेगवेगळं असतं आणि रेंज नसलेल्या ठिकाणी फोनवरून पैसे भरायचा हट्ट धरून मागे रांग लावण्यात अर्थ नाही. दुर्बीण असेल तर ८ बाय ४० सारखी साधी पुरते. मोठ्या आकड्यांची दुर्बीण हातात थरथरते आणि झाडीत काळोखी दिसते.

खाणं गाडीत ठेवा, आत नेऊ नका. माकडांना पिशवीचा आवाज कळतो. फोंड्याहून निघताना पाव-भाजी किंवा बन पोटात टाकून निघालात की दोन-तीन तास निभतात.

बिअरच्या बाटल्यांबद्दल वेगळं सांगायला लागू नये, पण हा गोवा आहे, त्यामुळे सांगतो. नको. काच फुटते आणि वर्षानुवर्षं तिथेच राहते. सिगारेटही नको, अभयारण्यात आग लावणं किंवा जळतं काही टाकणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. आणि कुत्रा घरी. तो कितीही शहाणा असला तरी हरणाच्या नाकाला तो शिकारीच.

फाटकावर

तिकीट काढताना तीन गोष्टी विचारून घ्या: हरणांच्या भागाकडे आज कसं जायचं, गाडी सुटते की पायी, आणि शेवटची फेरी कधी. तिथे नेमलेली माणसं बहुधा आजूबाजूच्या गावांतली असतात. दोन शब्द कोंकणीत बोललात, किंवा मराठीतसुद्धा आपुलकीने "भाऊ, आज कुठे आहेत हरणं?" असं विचारलंत, तर फलकावर नसलेली माहिती मिळते. एकदा मी घाईघाईने पुढे चाललो होतो तर एका वयस्क राखणदाराने दंडाला धरून हळूच म्हटलं, "राव मरे, हांगाच राव." म्हणजे थांब, इथेच थांब. थांबलो. मिनिटभराने डाव्या हाताच्या झुडपांच्या जाळीतून सांबराची मादी बाहेर आली, पाच-सहा पावलांवर, आणि रस्ता ओलांडून गेली. मी चालत राहिलो असतो तर ती तिथेच, त्या जाळीत, माझी पाठ वळेपर्यंत उभी राहिली असती. जितक्या वेळा आपण हरीण बघतो त्याच्या दसपट वेळा हरीण आपल्याला बघत असतं.

कोणतं हरीण कोणतं

*चितळ.* अंगावर पांढरे ठिपके, आणि ते जन्मभर राहतात. इतर अनेक हरणांच्या पाडसांना लहानपणी ठिपके असतात आणि पुढे जातात. चितळाचं तसं नाही. कळपात राहतं. नराला शिंगं, मादीला नाही. नराच्या प्रत्येक शिंगाला साधारण तीन टोकं.

*सांबर.* भारतातलं सर्वांत मोठं हरीण. मोठा नर खांद्याशी दीड मीटरच्या आसपास भरतो. आपल्याकडे खेड्यांत याला मेरू म्हणतात. रंग मातकट तपकिरी, मानेवर राठ केस, कान मोठे आणि सतत फिरणारे. एकटं किंवा दोघं-तिघं. पाण्याची आणि चिखलाची आवड. संध्याकाळी उशिरा बाहेर पडतं, म्हणून चितळापेक्षा कमी दिसतं.

*भेकर.* कोकणी माणसाला याची ओळख करून द्यायला नको. उंचीला मोठ्या कुत्र्याएवढं, लालसर, आणि आवाजही कुत्र्यासारखा. रात्री काजूच्या बागेतून "भॉक… भॉक" असं थांबून थांबून तासभर ऐकू येतं ते हेच. नराच्या वरच्या जबड्यात बाहेर डोकावणारे सुळे असतात.

*पिसोरी.* सशाहून थोडी मोठी, जेमतेम फूटभर उंच, अंगावर फिके पट्टे आणि ठिपके. शिंगं नराला-मादीला दोघांनाही नाहीत. खरं तर शास्त्राप्रमाणे ही हरणांच्या कुळातली नाहीच, तिचं कूळ वेगळं. रात्री फिरते. मला रानात एकदाच दिसली, तीही दोन सेकंद.

*गवा* हरीण नव्हे हे सांगायला हवं, कारण लांबून काळसर पाठ दिसली की पाहुणे "केवढं मोठं सांबर!" असं ओरडतात. गवा हा गायीगुरांच्या कुळातला आणि गोव्याचा राज्यप्राणी. त्याची शिंगं जन्मभर तीच राहतात. हरणांची दरवर्षी गळतात आणि पुन्हा उगवतात. नवीन शिंगांवर आधी मखमलीसारखी केसाळ कातडी असते, तिच्यात रक्त खेळत असतं. शिंग पूर्ण वाढून टणक झालं की ती सुकते आणि नर झाडावर घासून काढून टाकतो. खोडाची साल कमरेच्या उंचीवर सोललेली दिसली तर बोट लावून बघा: चीक अजून ओला असेल तर काम ताजं आहे.

गळलेलं शिंग वाटेत सापडलं तर? फोटो काढा आणि तिथेच ठेवा. अभयारण्यातून वन्यजीवांशी संबंधित कुठलीही वस्तू उचलून नेणं बेकायदेशीर आहे, आपोआप गळलेलं शिंगसुद्धा. शिवाय ती वाया जात नाहीत. साळिंदर ती कुरतडून संपवतं, त्याला त्यातला चुना हवा असतो.

खुणा वाचायला शिकायचं असेल तर पाण्याच्या कडेचा चिखल बघा. चितळाचा खूर बदामाच्या आकाराचा, पुढे टोकदार. सांबराचा त्याहून मोठा आणि गोलसर. गव्याचा एवढा मोठा की शंकाच राहत नाही.

थांबायचं कसं

लेखाचा गाभा हा, आणि नेमकं हेच लोक करत नाहीत. प्राणिसंग्रहालयात आपण चालत राहतो: पुढचा पिंजरा, पुढचा पिंजरा. हरणांच्या जागी ती सवय मोडावी लागते. माझी पद्धत अशी.

आधी वारा बघा. चिमूटभर सुकी माती सोडा, कुठे उडते ते दिसतं. वारा हरणांकडून तुमच्याकडे येईल अशी बाजू धरा. कुंपणातल्या हरणांना माणसाच्या वासाची सवय असते, तरी फरक पडतो.

मग एक झाड निवडा. जाड बुंध्याचं मत्तीचं झाड उत्तम. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली असते, चटकन ओळखता येते. त्याला पाठ लावून बसा. उभ्या माणसाचा आकार हरणाला लगेच कळतो, बसलेल्याचा उशिरा. बसण्याआधी जमीन बघून घ्या, मुंग्या, विंचू, साप यांतलं काही नाही ना.

वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस. पहिली पाच मिनिटं काहीच घडत नाही. दहाव्या मिनिटाला पक्षी पुन्हा बोलू लागतात, म्हणजे तुम्ही आल्याचं ते विसरले. त्यानंतर हरणं. आधी कान दिसतो, पूर्ण हरीण कधीच नाही. झाडीत आडवी रेघ शोधा. रानात सगळं उभं असतं, खोडं, बांबू, वेली. आडवी रेघ बहुतेक वेळा कुणाची तरी पाठ असते.

डोळे दमले की कानांवर सोपवा. चितळाचा इशारा तीक्ष्ण, उंच, शिट्टीच्या जवळ जाणारा. सांबराचा एकच मोठा "ढांक", छातीत घुमणारा. तो ऐकू आला की कुठेतरी बिबट्या असण्याची शक्यता असते, निदान सांबराला तसं वाटलेलं असतं. चितळ पुढचा पाय आपटायला लागलं किंवा शेपटी उभी करून खालचा पांढरा भाग दाखवू लागलं तर समजा ते अस्वस्थ आहे. कारण तुम्ही असाल तर आणखी पुढे सरकू नका. वानरं झाडावर असतील तर चितळं खाली असण्याची शक्यता मोठी. वानरं अर्धवट खाल्लेली पानं-फळं टाकतात, चितळं ती खातात. वरच्याला लांबचं दिसतं, खालच्याला वास येतो, दोघांचा पहारा एकमेकांच्या कामी येतो.

गेल्या जानेवारीत भाचीला अशीच बसवली होती. समोर बारा-पंधरा पावलांवर, कुंपणाच्या जाळीपलीकडे, चितळाची मादी रवंथ करत बसलेली. भाची कंटाळणार असं वाटत होतं, म्हणून तिच्या कानात म्हटलं, "तिच्या गळ्याकडे बघ." मादीने गिळलं. क्षणभर जबडा थांबला. मग गळ्याच्या कातडीखालून लिंबाएवढा गोळा सरसर वर चढला, गालात गेला, आणि जबडा पुन्हा आडवा फिरू लागला. भाचीचा हात माझ्या मनगटावर घट्ट झाला. ती मोजू लागली. सत्तेचाळीस चावे, मग गिळणं, मग थांबणं, मग दुसरा गोळा. दुसऱ्या खेपेला त्रेचाळीस. एक माशी मादीच्या कानाच्या टोकाशी बसली की तेवढंच टोक थरथरायचं, बाकी अंग दगडासारखं. आम्ही नऊ गोळे मोजले. फोटो एकही काढला नाही, आणि घरी गेल्यावर तिने आजीला सगळं सांगितलं ते फक्त गोळ्यांचं.

फोटो काढायचेच असतील तर फ्लॅश बंद, फोनचा आवाज बंद. सावली-उन्हाच्या ठिपक्यांत चितळ फोटोत हरवतं. त्यामुळे ते पूर्ण उन्हात किंवा पूर्ण सावलीत येईपर्यंत बोट आवरा. डोळ्यावर फोकस ठेवा. हातात अन्न असल्याचं नाटक करून जवळ बोलावून फोटो काढणारे असतात. त्याविषयी पुढे.

खायला घालू नका, एक बिस्किटसुद्धा

कुंपणाशी आलेलं हरीण माणसाळलेलं दिसतं, नाक पुढे करतं, आणि कुणाचाही हात आपोआप पिशवीत जातो. मी समजू शकतो. लहानपणी मीही चणे घातलेत. पण हरीण हे रवंथ करणारं जनावर. त्याच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात पानं-गवत आंबवणारे जंतू असतात आणि सगळं पचन त्यांच्यावर चालतं. पाव, बिस्किट, शिजलेला भात असं पिठूळ-गोड काही एकदम पोटात गेलं की तिथे आम्ल वाढतं, ते जंतू मरतात आणि हरीण फुगून, लोळून मरू शकतं. गायीला श्राद्धाचा भात जास्त झाला तर काय होतं हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवीन नाही. तेच इथे. बिस्किटाचा कागद तर वेगळीच गोष्ट: हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ते पान ओढून तोडतं, आणि खारट लागलेला प्लॅस्टिकचा तुकडा तसाच आत जातो. तो रवंथात वर येत नाही आणि खालीही उतरत नाही.

कायद्यानेही प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना खायला घालणं, चिडवणं, आवाज करून त्रास देणं आणि कचरा टाकणं गुन्हा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्यासाठी स्वतंत्र कलम आहे. शेजारचा माणूस खायला घालत असेल तर भांडण न करता राखणदाराला सांगा. मी एकदा भांडलो. हरीण पळालं, माणूस तिथेच राहिला.

आणखी एक. माणसाळलेला नर रानटी नरापेक्षा धोकादायक. रानटी नर माणसाला बघून पळतो. माणसाची भीती गेलेला नर माजावर आला की शिंगं रोखून सरळ येऊ शकतो. शिंगांवरची मखमल गेलेली, मान फुगलेली, तोंडाने मोठमोठ्याने आवाज करणारा नर दिसला की कुंपणाच्या जाळीत बोटं घालू नका आणि लहान मुलांना तिथून बाजूला घ्या.

गवतात एकटं पाडस निपचित बसलेलं दिसलं तर ते हरवलेलं नसतं. आई त्याला लपवून चरायला जाते आणि दूध पाजायला परत येते. हात लावू नका, जवळ उभे राहू नका. तुम्ही तिथे असाल तोवर ती येणार नाही.

कुंपणाबाहेरची हरणं हवी असतील तर

बोंडल्यात डोळा तयार झाला की मोले. फोंड्याहून त्याच महामार्गावर पुढे. तिथे परवाना काढून आत जायचं, शक्यतो स्थानिक गाइड घेऊन. दक्षिणेत काणकोणजवळ खोतीगाव आहे, साधारण ८६ चौरस किलोमीटरचं, आणि तिथे मचाण आहे. पहाटे मचाणावर बसणं हे वर सांगितलेल्या वीस मिनिटांचंच मोठं रूप: दोन तास. खोतीगावला जाताना मुलं दहाच्या पुढची असावीत असं माझं मत. त्याहून लहान मुलांना दोन तास गप्प बसवणं म्हणजे मुलांवर अन्याय आणि बरोबर आलेल्या इतरांवरही.

परतताना

फाटक बंद व्हायच्या आधी निघा आणि उजेड असेपर्यंत तिस्कावर पोचा. जंगलातल्या रस्त्यावर संध्याकाळी गवे उतरतात. समोर गवा आला तर गाडी लांबच थांबवा, हॉर्न नको, मोठा दिवा डोळ्यात मारू नका, खाली उतरून फोटो तर अजिबात नको. तो जातो. एक गेला म्हणून लगेच गिअर टाकू नका. मागून आणखी येतात. हरणांचंही तसंच, एकामागोमाग एक रस्ता ओलांडतात आणि अपघात होतो तो बहुधा दुसऱ्या हरणाचा.

घरी पोचल्यावर पहिलं काम गोचीड बघणं. डिसेंबर ते मे या काळात तर न चुकता. माकडतापाचा विषाणू गोचिडीतून माणसात येतो. १९५७मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला, आणि २०१५पासून आपल्या सत्तरी तालुक्यातही, मुख्यतः काजूच्या बागांत काम करणाऱ्यांत, त्याचे रुग्ण सापडले आहेत. घाबरून सहल रद्द करण्याचं कारण नाही, पण सवय लावून घ्या. कपडे दारातच काढून गरम पाण्यात टाका. गरम पाण्याने, साबणाने आंघोळ. काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानामागे, पोरांच्या केसांत हात फिरवा. गोचीड चिकटलेली सापडली तर तेल, चुना, काडीपेटी यांतलं काही करू नका. चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढा, जागा साबणाने धुवा. पुढच्या आठवडा-दहा दिवसांत जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी आली तर डॉक्टरांना "जंगलात गेलो होतो" हे आधी सांगा, विचारायची वाट बघू नका. आणि रानात कुठेही मेलेलं माकड दिसलं तर त्याच्याजवळ न जाता वन खात्याला कळवा.

आतेला पुढच्याच महिन्यात पुन्हा नेली. या खेपेला शुक्रवार, फाटक उघडायच्या आधी दहा मिनिटं. फोंड्यातून निघताना तिने तीनदा विचारलं, "आज वार कोणता?"